मराठवाडा आणि विदर्भाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘महाराष्ट्रातील सर्व जागतिक वारसास्थळे कोकण आणि सह्याद्रीतच आहेत, मराठवाडा-विदर्भात पाहण्यासारखे काहीच नाही,’ असा संदेश सध्या सहलीच्या गटांमधून फिरत आहे. हे विधान चुकीचे आहे.

त्याला आधार मिळतो तो एवढाच की, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील राज्यातील ११ किल्ल्यांपैकी एकही या दोन विभागांत नाही. मात्र त्याच यादीत, जी युनेस्कोच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून, म्हणजे भारताच्या अगदी पहिल्या नोंदींपासून आहेत, आणि दोन्ही ठिकाणे मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे. वरच्या कड्यावर उभे राहून शिखराकडे पाहिले की ते काम कसे झाले असेल हे उमगू लागते.

विदर्भाचा आकर्षणबिंदू वेगळा आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार हे उल्काघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले, खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि मेळघाट देशातील पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. उन्हाळा तिथे कडक असतो हे खरे, पण पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते.

कोकण कोणाला अधिक आवडावे यावर आक्षेप नाही. परंतु मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्या गटात तो पाठवला असेल तिथे हा खुलासा द्यावा.