फोर्कनंतर ‘सगळे लॉक सोडा’ हा उपाय नव्हे

‘फोर्क केल्यावर प्रोग्रॅम अडकतो? हे करा’ अशी एक पोस्ट सोलापूरच्या कोडिंग ग्रुपांवर फिरतेय. (फोर्क म्हणजे चालू प्रोग्रॅमने स्वतःची प्रत सुरू करणं; मूळ तो पॅरेंट, प्रत ती चाइल्ड.) माझा भाचा ती खरी मानून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या स्टॉकच्या प्रोग्रॅममध्ये उतरवायला निघाला होता, म्हणून हे लिहितोय.

पोस्ट म्हणते, फोर्क केल्यावर सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणारी कामं, चाइल्डमध्ये येतात. साफ खोटं. लिनक्सच्या मॅन्युअलमधलं फोर्कचं पान उघडून बघा: चाइल्डमध्ये एकच थ्रेड असतो, ज्याने फोर्क केला तो. मेमरी मात्र जशीच्या तशी येते, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारे लॉक) ज्या अवस्थेत होते त्या अवस्थेसकट. दुसऱ्या थ्रेडने धरलेला लॉक चाइल्डमध्ये धरलेलाच राहतो आणि सोडणारा तिथे नसतोच. अडकायचं कारण हे.

यावर पोस्टचा उपाय काय, तर चाइल्डमध्ये सगळे लॉक जबरदस्तीने सोडून द्या. अहो, लॉक धरलेला होता म्हणजे आतला डेटा अर्धवट बदललेला असू शकतो! मेमरीतल्या स्टॉकमधून 50 टॉवेल वजा झाले, डिस्पॅचच्या यादीत अजून चढले नाहीत आणि नेमका तेव्हाच फोर्क झाला, तर लॉक सोडून ती नोंद पुरी होणार आहे का? प्रोग्रॅम अडकायचा थांबेल आणि चुकीचा आकडा घेऊन पुढे धावेल. अडकलेला प्रोग्रॅम निदान दिसतो तरी. चुकलेला स्टॉक मोजणी होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

पोस्टमधलं ‘पायथनला जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारा लॉक) आहे, काळजी नको’ हेही चूक. 3.12 पासून थ्रेड चालू असताना फोर्क केलं की पायथन स्वतःच इशारा देतं. 3.14 मध्ये तर लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची (अनेक प्रोसेस चालवायच्या लायब्ररीची) डिफॉल्ट पद्धत फोर्कवरून फोर्कसर्व्हर, म्हणजे एका वेगळ्या प्रोसेसकडून फोर्क करून घेणं, अशी केली. फोर्कआधी स्लीप टाकल्याने, म्हणजे प्रोग्रॅमला थोडं थांबवल्याने, बग जात नाही, कमी वेळा दिसतो एवढंच.

पीथ्रेड-ॲटफोर्कचा (फोर्कच्या आधी आणि नंतर आपला कोड चालवायच्या सोयीचा) मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य. फोर्कआधी आपले लॉक आपणच घेतले आणि नंतर पॅरेंट-चाइल्ड दोन्हींत सोडले, तर डेटा पुरा असतो. पण वापरलेल्या लायब्ररीच्या आतल्या लॉकपर्यंत आपला हात पोचत नाही.

दुसरा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर फोर्कनंतर लगेच एक्झेक करा, म्हणजे चाइल्डच्या जागी तो नवा प्रोग्रॅम चढवा. मधे मॅलॉक (मेमरी मागणं) नको, प्रिंटएफ (छापणं) नको; त्यांच्या आतही लॉक असतात. वर्कर (काम वाटून घेणारे चाइल्ड) हवे असतील तर थ्रेड सुरू करायच्या आधी फोर्क करा आणि थ्रेडपूल, म्हणजे थ्रेडचा तयार गट, प्रत्येक चाइल्डमध्ये नव्याने उभा करा. पायथनच्या जुन्या आवृत्तीवर असाल तर मल्टिप्रोसेसिंगची स्टार्ट मेथड ‘स्पॉन’ ठेवा, म्हणजे प्रत न काढता नवं पायथन सुरू होतं.