ब्रुनोच्या जर्मनी प्रवासावरच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

राम राम ताई. तुमच्या ब्रुनोला, म्हणजे लॅब्राडॉर कुत्र्याला, जर्मनीला पाठवायचं काम आमच्याकडे होतं, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. १ स्टार दिला त्याचं काही नाही, पण जे लिहिलंय ते उद्या जळगाव-धुळ्याहून कुत्रं-मांजर घेऊन परदेशी निघणारे लोक वाचतील आणि तेच खरं धरून बसतील, म्हणून इथंच सगळ्यांसमोर उत्तर देतो, जरा लांबेल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आम्ही मुद्दाम डिसेंबरपासून मेपर्यंत काम लांबवलं, लस झालेली असताना परत लस टोचायला लावली, ३२ किलोच्या कुत्र्याचं ८९ किलोचं बिल लावलं, झोपेची गोळी देऊ दिली नाही, फ्लाइटच्या रात्री फोन उचलला नाही, आणि म्हणून अर्धे पैसे परत पाहिजेत.

आधी वेळेचं घेतो, कारण सगळं भांडण तिथूनच निघालंय. तुम्ही डिसेंबरात आलात तेव्हा जानेवारीचं तिकीट हातात होतं आणि ब्रुनोचं लसीचं पुस्तक एकदम चोख भरलेलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. फक्त कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप नव्हती. आता जर्मनी म्हणजे युरोपियन युनियन, आणि तिथे नियम असा राहतो की आधी १५ आकडी नंबरची, आंतरराष्ट्रीय मापाची (आयएसओ) मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस ते धरतच नाहीत, कारण ती ह्याच कुत्र्याला टोचली की शेजारच्याला, हे पुस्तकावरनं कळत नाही. म्हणून परत लस. त्यात आमचा काय फायदा हो, लस तुमच्याच डॉक्टरांनी टोचली, पैसे पण त्यांनीच घेतले.

बरं लस झाली की लगेच निघता येत नाही. भारत त्यांच्या सुरक्षित देशांच्या यादीत नाही, त्यामुळे लसीनंतर कमीत कमी ३० दिवस थांबायचं, मग रक्त काढायचं, त्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, वेगळं करून थंड पॅकिंगमध्ये युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबला पाठवायचं, तिथे टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या त्याचं माप, ०.५ किंवा जास्त आला पाहिजे, आणि तो आला तरी ज्या दिवशी रक्त काढलं त्या दिवसापासून पूर्ण ३ महिने जाऊ द्यावे लागतात. हे ३ महिने फाइल आमच्या टेबलावर धूळ खात पडली होती म्हणून गेले नाहीत ताई, तो थांबायचाच काळ आहे. कुत्र्याला लसीच्या आधीच कुठे चावा झाला असेल आणि रोग आत दबून असेल तर तो एवढ्या काळात बाहेर पडायची शक्यता जास्त, म्हणून. ह्याला पैसे भरून तत्काळ वगैरे काही नसतं, आणि कोणी करून देतो म्हणाला तर तो तुम्हाला खोटा कागद देणार आणि कुत्रा तिकडे एअरपोर्टवर अडकणार, परत पाठवतील नाहीतर क्वारंटाइनमध्ये टाकतील, दोन्हीचा खर्च मालकाच्याच डोक्यावर.

तुम्ही लिहिलंय नणंदेचा कुत्रा टोरंटोला पंधरा दिवसात गेला. गेला असेल, मी कुठे नाही म्हणतो. घरच्या मोठ्या कुत्र्याला कॅनडा रेबीजच्या लसीच्या सर्टिफिकेटवर घेतं, टायटर मागत नाही. प्रत्येक देशाचं वेगळं आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले, भारतासारख्या रेबीज असलेल्या देशातून, इथेच लस झालेला कुत्रा आता त्यांच्या ठराविक ६ एअरपोर्टवरच उतरवता येतो आणि तिथल्या प्राण्यांच्या केंद्राचं बुकिंग आधी लागतं. ऑस्ट्रेलियाला तर इथून थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात ठेवा, मग मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन. तेव्हा एकाचं बघून दुसऱ्याचा हिशोब करू नका, नणंदेचा तर अजिबात नको.

तुम्हाला परत यावं लागलं, तिकिटाचा भुर्दंड पडला, ह्याचं मला पण वाईट वाटतं. पण हे पण डिसेंबरातच बोललो होतो. मालक आणि कुत्रा ५ दिवसांच्या आत मागेपुढे प्रवास करत असतील तरच तो घरगुती प्राणी धरतात, नाहीतर व्यापारी माल म्हणून जातो आणि त्याचे कागद वेगळे, जास्त किचकट. तुम्ही पुढे गेलात, ब्रुनो अमळनेरला तुमच्या वडिलांकडे राहिला, म्हणून कोणीतरी येणं भाग होतं. चिप सप्टेंबरात बसली असती तर दोघं सोबत गेले असते, बस एवढंच.

आता ८९ किलो. ह्याच्यावर बरेच लोक चिडतात. ब्रुनोचं वजन ३२, ज्यात बसवून नेतात ती पेटी धरून पण ८९ होत नाही, बरोबर. पण विमानात कार्गोचं भाडं जागेवर लागतं. आपल्याकडे कापसाची गाडी बघा, काट्यावर हलकी आणि रस्ता अडवून चालते, भाडं गाडीभरच लागतं ना, तसं आहे ते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ६०००. पेटी १०२ बाय ६९ बाय ७६ ची होती, करा कॅल्क्युलेटरवर, ८९ येतं. आणि पेटी एवढी मोठी का, तर आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, माप आहे: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्ध, तेवढी आतली लांबी पाहिजे. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उभा राहिला तर डोकं लागायला नको, आत फिरता आलं पाहिजे, चारी बाजूंनी हवा पाहिजे. तुम्ही ऑनलाइन सेकंडहँड बघितलेली स्वस्तातली पेटी मी नको म्हटलं ते कमिशनसाठी नाही, तिला मागून हवाच नव्हती, कार्गो काउंटरवरून तिथल्या तिथे परत आली असती. आणि केबिनमध्ये मांडीजवळ का नाही नेला, तर ज्या एअरलाइन केबिनमध्ये घेतात त्या बहुतेक बॅगेसकट ८ किलोच्या आसपासच घेतात, लॅब्राडॉर कुठे बसवणार.

गोळीच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नव्हतो आणि पुढे पण ऐकणार नाही. तुमचे वडील मोठ्या मायेने म्हणाले होते, "एखादी गोयी दी द्या ना, झोपी जाई बिचारा." त्यांची माया मला कळते. पण गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, पेटी हलली की तोल जातो, आणि वर ३५ हजार फुटांवर त्याला बघायला डॉक्टर नाही. गुंगीतला प्राणी बहुतेक एअरलाइन घेतच नाहीत. त्याच्याऐवजी तुम्हाला काय सांगितलं होतं, महिनाभर आधीपासून पेटी घरात उघडी ठेवा, त्यातच जेवण द्या, त्यातच झोपू द्या. ते तुमच्या वडिलांनी इतकं मनावर घेतलं की निघायच्या दिवशी ब्रुनो स्वतःहून पेटीत जाऊन बसला, हे पण रिव्ह्यूत लिहायचं होतं ना. (पग, बुलडॉग, शिह त्झू असली चपट्या नाकाची कुत्री असणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचा. त्यांना आधीच श्वासाचा त्रास, बऱ्याच एअरलाइन त्यांना कार्गोत घेतच नाहीत, उन्हाळ्यात तर विसराच.)

आणि दिवसा का नाही नेला असं विचारता, ताई मे महिना होता, आपल्याकडे ४४-४५ डिग्री, गाडी अमळनेरहून दुपारी काढली असती तर मुंबईपर्यंत एसी चालू ठेवून सुद्धा थांब्याला कुत्रा तापला असता. म्हणून रात्री काढली, कसारा घाट पहाटे उतरलो, प्राण्यांच्या सरकारी क्वारंटाइन ऑफिसला सकाळी पहिल्यांदा दाखवला, कारण तो हेल्थ सर्टिफिकेटचा कागद प्रवासासाठी फक्त १० दिवस चालतो, लवकर काढून ठेवता येत नाही.

फोन उचलला नाही त्याचं: तुम्ही पॅसेंजर टर्मिनलमधून फोन करत होतात तेव्हा आमचा मुलगा कार्गोत ब्रुनोला हाताने धरून उभा होता, कारण पेटी रिकामी करून तपासणीच्या मशीनमधून काढतात, कुत्रा बाहेर काढावा लागतो. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कागद. कुत्रा सुटला असता तर काय केलं असतं आपण. पेटी लॉक झाली तसा फोटो पाठवला, तुम्ही बोर्डिंगच्या आधी बघितला पण, निळी टिक आहे.

फ्रँकफर्टला उतरल्यावर तुम्ही बाहेर ताटकळलात, तिथे प्राण्यांचं वेगळं लाउंज आहे, सरकारी डॉक्टर चिप स्कॅन करून नंबर कागदाशी जुळवतात, मग कस्टम. पेटीत लघवी झाली होती तर खाली शोषून घेणारं पॅड होतं, इतके तास बंद राहिल्यावर कोणताही कुत्रा करेल, त्याला हयगय म्हणू नका.

पैसे परत होणार नाहीत. भाडं, लॅब, सर्टिफिकेट सगळ्याच्या पावत्या तुमच्या नावाने तुमच्याकडेच आहेत, आमची फी त्यात वेगळी दाखवलीय, ती बघा आणि मग ठरवा.

एक काम मात्र विसरू नका. ब्रुनोच्या लसीला डिसेंबरात वर्ष होतं, बूस्टर त्याच्या आधी तिकडेच टोचून घ्या, एक दिवस जरी उशीर झाला तरी हा टायटर बाद होतो. आणि तिथल्या डॉक्टरकडून पेट पासपोर्ट काढून त्यात टायटरची नोंद करून घ्या, म्हणजे दिवाळीला त्याला घेऊन अमळनेरला आलात तर परत जाताना ३ महिने थांबायची भानगड राहणार नाही. लॅबचा ओरिजिनल रिपोर्ट तुमच्या निळ्या फाइलमध्ये मागच्या कप्प्यात आहे, सापडला नाही तर व्हॉट्सअ‍ॅप करा, स्कॅन पाठवतो.