आमच्या पाटीने पाडलेला उजेड

हिने डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा गाळा, गॅस, कणीक मळायचं मशीन, लाटायला बायका, सगळं तिनेच जमवलं. "तुम्ही निदान पाटीचं तरी बघा," एवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं.

पाटी म्हणजे पेंटरने पत्र्यावर रंगवायची आणि वर एक ट्यूब लावायची, अशी माझी समजूत. बोर्डवाल्याने विचारलं, "काका, बॅकलिट फ्लेक्स, एसीपीवर अ‍ॅक्रिलिक लेटर, की निऑन?"

निऑन म्हटल्यावर मी खुललो. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोदने दाखवलेल्या काचेच्या नळ्या, आतला वायू, हजारो व्होल्टचा दाब, तो लालकेशरी झगझगाट, सगळं त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे खणातून सिलिकॉनची वाकडी होणारी नळी काढून माझ्या हातात ठेवली. आत एलईडीची पट्टी, बारा व्होल्ट. "आता यालाच निऑन म्हणतात." भिंतीवर त्याचा नमुना झळकत होता: दोन गुलाबी पंख, ग्राहकाने मध्ये उभं राहून सेल्फी काढायला. आमचा ग्राहक सात-बावीसच्या लोकलमधून उतरून दहा पोळ्या आणि फ्लॉवर-बटाटा घेऊन घरी पळणारा. पंख असते तर तो लोकलने कशाला आला असता? निऑन बाद.

राहिली एसीपीवरची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवरची, अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं. "इंग्लिशमध्ये करा ना, कटिंग सोपं पडतं." मी ताठ झालो. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असले तरी पाटी मराठीत लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, हे त्याला सुनावलं. "मला सांगताय? २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा खरी दिवाळी आमची झाली."

कटिंगबद्दल मात्र त्याचं खरं होतं. शिरोरेघेची लांबलचक पेटी झकास होते, पण वेलांटीचा बाक इतका निमुळता की आत एलईडी दिव्यांचं मॉड्यूल शिरत नाही. अनुस्वार आणि मात्रा वर एकटेच लटकणार, त्यांना वायर वेगळी ओढायची. अक्षराची खोली कमी ठेवली तर आतले दिवे बाहेरून ठिपके-ठिपके दिसतात, पाटीला गोवर आल्यासारखे. आणि 'पोळी'ची मात्रा विझली तर रात्री रस्त्यावरून काय वाचलं जाईल, हे मी हिच्या कानात सांगितलं. तिने तिथल्या तिथे त्या मात्रेत जादा मॉड्यूल टाकायला लावलं.

मग उजेडाचा रंग. साडेसहा हजार केल्विनचा पांढरा लावून दाखवला, तर ही म्हणाली, "इथे पोळ्या विकायच्यात की टाके घालायचेत?" तीन हजाराच्या पिवळ्यात ताजी पोळीसुद्धा कालची दिसायला लागली. शेवटी चार हजारावर तह झाला. तोवर मेहुणे, व्याही, शेजारचा झेरॉक्सवाला अशा सगळ्यांची मतं घेऊन झाली होती. झेरॉक्सवाल्याची स्वतःची पाटी वर्षभर अर्धी बंद आहे, पण सल्ला पूर्ण देतो.

ही अक्षरं क्लोरोफॉर्मने चिकटवतात, हे मला कारखान्यात कळलं. बाटली तिथेच टेबलावर होती. कोटेशनही तिथेच वाचायला दिलं. क्रम चुकला, आधी बाटली पुढे करायला हवी होती. अक्षरांचे पैसे वेगळे, एसीपीचे स्क्वेअर फुटावर, दिव्यांचा पॉवर सप्लाय वेगळा, फिटिंग वेगळं, वर जीएसटी. ती मात्रासुद्धा वेगळी मोजली होती.

उद्घाटनाला पाटी लागली, आणि समोरच्या मेडिकलच्या धावत्या हिरव्या क्रॉसपुढे पार फिकी पडली. पहिल्या पावसात तिच्याकडे सर्वांत आधी पंखांचे किडे आले, तेही पोळी न घेता. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या. "अहो, तुमच्या त्या भाजीचा उजेड थेट माझ्या उशीवर पडतो. झोपायचं कसं?" मी निमूटपणे टायमर बसवला: संध्याकाळी सातला सुरू, साडेनऊला बंद.

परवा वीज गेल्याने टायमरचं घड्याळ मागे पडलं. साडेसातला वरून हाक आली, "अहो पोळीवाले, पाटी लावा की! माझी मेथी निवडायची राहिलीय."