युंगफ्राउयोखच्या एकदिवसीय सहलीविषयीच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला सविस्तर अभिप्राय वाचला आणि आपल्याबरोबर असलेल्या गाईडशी बोलून मगच हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, एवढा खर्च आणि एवढा लांबचा प्रवास करूनही स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखवर आपल्याला जेमतेम सव्वा तास मिळाला, बर्फात कोरलेला हिममहाल पाहायचा राहिला, वर जाताना आयगरग्लेचर स्थानकावर चाळीस मिनिटे वाया गेली, परतीच्या वाटेवर ट्रुमेलबाखचे धबधबे गाळले गेले आणि सकाळी गाडीत मुलांच्या सीट बसवण्यातही वेळ मोडला. आपला हिरमोड झाला हे मला समजते. युंगफ्राउयोख आयुष्यात बहुधा एकदाच पाहायला मिळते. तरीही, गाईडने त्या दिवशी आपल्याला लवकर खाली आणले हा निर्णय योग्यच होता, आणि तो का, हे आपल्याइतकेच लहान मुलांना घेऊन इथे येणाऱ्या इतर पालकांनाही कळावे असे वाटते.

युंगफ्राउयोखचे स्थानक समुद्रसपाटीपासून 3,454 मीटर उंचीवर आहे. 1912 साली ही रेल्वे शिखरांमधल्या खिंडीपर्यंत पोचली. 2020 च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचरपर्यंत आयगर एक्सप्रेस ही केबल कार सुरू झाल्यामुळे हजार मीटरच्या आसपासच्या गावातून निघालेला प्रवासी आता पाऊण तासात वर पोचतो. ही सोय मोठी आहे, पण शरीराला त्या उंचीशी जुळवून घ्यायला मात्र अवधीच मिळत नाही. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी होतो. मोठ्या माणसाला जिना चढताना धाप लागते, डोके जड होते आणि तो तसे सांगतो; आपल्या पाच वर्षांच्या मुलीनेही ‘माझं डोकं दुखतंय’ असे सांगितले असते. पण दोन वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. तो रडतो, खायला नको म्हणतो, उलटी करतो किंवा नेहमीच्या वेळेआधीच मलूल होऊन खांद्यावर मान टाकतो.

आपणच लिहिले आहे की मुलगा ‘थोडा चिडचिडा झाला होता, एवढंच’. गाईडने पाहिले ते असे : आवडीची बाटली त्याने दोनदा ढकलून दिली, हातमोजा काढून तो सारखा कान चोळत होता, आणि समोर बर्फ दिसत असूनही, ज्या बर्फासाठी तो केबल कारमध्ये काचेला नाक लावून बसला होता, त्याकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. ही विरळ हवेची बाधा होती, मोडलेली झोप होती की दडे बसल्याने दुखणारा कान होता, हे आमचा गाईड सांगू शकत नाही. तो डॉक्टर नाही. पण या वयात ही सगळी लक्षणे एकसारखीच दिसतात, आणि म्हणूनच उंचीवर मूल असे वागू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे धरून चालायचे असते. त्यावरचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. बाधा बहुतेकदा काही तासांनी जाणवते, त्यामुळे ‘अजून तासभर थांबून पाहू’ हा सल्ला देणे आमच्या दृष्टीने मुलाच्या जिवाशी खेळणे झाले असते. आयगरग्लेचरला उतरल्यावर त्याने स्वतःहून बिस्किट मागितले, असे गाईडने मला सांगितले. त्यावरून काही सिद्ध होते असा माझा दावा नाही, पण ते ऐकून मला बरे वाटले.

हिममहाल राहिला याची रुखरुख आपल्या मुलीला अधिक असेल. आत उणे तीन अंश तापमान राखलेले असते आणि पायाखालीही बर्फच असतो. मलूल झालेल्या बाळाला कडेवर घेऊन त्या निसरड्या भुयारांतून चालणे गाईडला पटले नाही. त्याने बाळाजवळ आई थांबेल आणि मुलीला घेऊन बाबा पटकन पाहून येतील असा पर्याय सुचवला होता. तो आपण नाकारलात, सगळे एकत्रच पाहू म्हणालात. ती इच्छा स्वाभाविक होती. मात्र लहान मुलांसह अशा ठिकाणी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी आवर्जून सांगेन की दोन गट करायला मुळीच कचरू नये.

आयगरग्लेचरच्या थांब्याविषयी. हे स्थानक 2,320 मीटरवर आहे. चाळीस मिनिटांत शरीर उंचीला सरावत नाही. त्यासाठी एखादा दिवस तरी लागतो. हा थांबा असतो तो मुलांना निवांत भरवण्यासाठी, लंगोट बदलण्यासाठी, कपड्यांचा आणखी एक थर चढवण्यासाठी, आणि बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांत जाण्याआधीच गॉगल व सनस्क्रीन लावण्यासाठी. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग वर उलटतो, त्यामुळे टोपी घातली तरी हनुवटीखाली त्वचा भाजते. ही तयारी वरच्या गर्दीत करायची झाल्यास तिथल्या वेळातलाच अर्धा तास जातो आणि मुले किरकिरी होतात ती वेगळी. चढताना कानांत दडे बसू नयेत म्हणून बाळाला घोट घोट पाजत राहावे, हेही गाईड तिथेच सांगतो.

ट्रुमेलबाखचा प्रश्न आमच्या हातातला नाही. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून जिथे कोसळते, तिथे सुरक्षिततेच्या कारणास्तव चार वर्षांखालील मुलांना प्रवेशच नाही. हा नियम आम्ही नोंदणीच्या वेळीच लेखी कळवला होता. त्या धबधब्यांचे तिकीट आपल्या बिलात धरलेले नाही, हे कृपया तपासून पाहावे. त्याऐवजी लाउटरब्रुनेन गावातून दिसणारा, जवळजवळ 300 मीटर उंचीचा श्टाउबबाख धबधबा आपल्याला दाखवला.

सीटबाबत एवढेच : स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालील आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही. मुलाच्या मापाने पट्टे बसवून घ्यायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि त्यात घाई करण्याची मुभा आम्ही चालकांना देत नाही.

आपण निम्मे पैसे परत मागितले आहेत. रेल्वे आणि केबल कारची तिकिटे वापरली गेली असल्याने ती रक्कम रेल्वेकडे जमा झाली आहे, आणि गाईड ठरलेल्या वेळेपर्यंत आपल्याबरोबर होता. त्यामुळे ही मागणी मान्य करता येत नाही. खर्चाचा तपशील आपल्याला ईमेलने पाठवला आहे.

आपला मुक्काम शनिवारपर्यंत इंटरलाकेनलाच आहे असे आपण लिहिले आहे. त्याआधी हवा चांगली असेल तर मेनलिखेन या डोंगरावर जरूर जाऊन यावे. ते सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे, वर लाकडी गायीच्या आकाराचे मोठे खेळाचे मैदान आहे, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरे तिथून समोर दिसतात. मात्र मुलगा पूर्ववत खेळता-खाता झाला असेल तरच निघावे. शुक्रवारी सकाळी आपला तोच गाईड मोकळा आहे. भरपाई म्हणून नव्हे, तर मुलीला डोंगरावर मनसोक्त खेळायला मिळावे म्हणून, त्या अर्ध्या दिवसाचे मानधन आम्ही आपल्याकडून घेणार नाही. तिकिटे तेवढी आपली आपण काढावीत. यायचे ठरल्यास गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे दोन्ही सीट लावलेली गाडी हॉटेलवर वेळेत पाठवता येईल.

आपला विश्वासू,
संचालक