थायरॉइड आहे? मग डॉक्टर कशाला, नातेवाईक आहेत ना!

तुमचं टीएसएच, म्हणजे रक्ताच्या तपासणीतला थायरॉइडचा आकडा, वाढलंय; म्हणजे ग्रंथी मंदावलीय. वजन वाढलंय. पाळी तिच्या मर्जीने येते-जाते, आणि मे महिन्यात अख्खं घर कूलरसमोर पसरलेलं असताना तुम्ही एकट्या शाल शोधताय. अभिनंदन! रामदासपेठेत डॉक्टरकडे नंबर लावून ताटकळत बसायची आता काही गरज नाही. आपल्या नागपुरात ज्याला-त्याला थायरॉइडमधलं कळतं. माझ्या कानावर आलेलं सगळं इथे देते आहे. फी नाही.

आधी मीठ बदला. साधं मीठ फेका आणि ते गुलाबी, महागाचं सैंधव आणा. मिठात आयोडीन घालायची भानगड सरकारने उगाच केली. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तेव्हा आमच्या वहिनींना कोणी विचारलंच नव्हतं. थायरॉइडच्या ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीनच लागतं म्हणतात. म्हणजे तेच बंद केलं की ग्रंथी झक मारत वळणावर येईल, असा हिशेब असावा.

पत्ताकोबी, फुलकोबी घरात आणू नका. शिजवून भाजीपुरती खाल्ली तर काही बिघडत नाही असं डॉक्टर सांगतात, पण डॉक्टरांचं काय, ते काहीही सांगतात.

गोळीचं फार मनावर घेऊ नका. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा-पाऊण तास काही नाही, हे पथ्य ज्यांच्या घरी डबे नाहीत, शाळेची व्हॅन नाही आणि सहा वाजता चहा मागणारे सासरे नाहीत अशा बायकांसाठी असतं. तुम्ही चहाबरोबर गिळा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. मध्ये चार तासांचं अंतर ठेवलं नाही तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, पण एकदाचं उरकतं ना! बाटली ओट्याजवळच्या उन्हाच्या खिडकीत ठेवा. पंचेचाळीस डिग्रीत गोळ्या छान शेकतात.

केस गळतात? बायोटिनच्या गमीज खा आणि त्याच सकाळी रक्त द्यायला जा. टीएसएच खोटं-खोटं कमी दिसू शकतं. घरी दाखवायला बरं.

पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा बीजांडकोशाचा त्रास, असेल तर लग्न करा. झालं असेल तर मूल.

सकाळी फुटाळ्याला चालायला जा. चालून झालं की तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबा. तिथे तर्री ओरपत उभे असलेले काका तुम्हाला कार्बोहायड्रेटबद्दल सगळं समजावून सांगतील.

अगदीच घाई असेल तर गोळीची पॉवर स्वतःच वाढवून घ्या. छातीत धडधड, हात थरथरणं, पुढेमागे हाडं ठिसूळ होणं, हे वरून फुकट.

आणि आता रामबाण उपाय. पावडर.

ही मेडिकलमध्ये मिळत नाही. ही साक्षगंधात मिळते. परवाच एका साक्षगंधाला गेले होते. जेवायला ताट घेऊन उभी, तेवढ्यात मुलाकडच्या एक मावशी जवळ आल्या. ओळख म्हणाल तर नमस्कारापुरती. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्या ताटातली संत्रा बर्फी दोन बोटांनी उचलली, "हे तुह्यासाठी विष आहे माय" म्हणाल्या आणि स्वतः खाल्ली. मग बोटं साडीच्या पदराला पुसून मोबाइल काढला. एकाच बाईचे दोन फोटो. 'आधी'च्या फोटोत ती चुरगळलेल्या गाऊनमध्ये, ट्यूबलाइटखाली, पोट सोडून उभी. 'नंतर'च्या फोटोत लिपस्टिक, केस सरळ केलेले, श्वास आत ओढलेला. "तीन महिन्यांत पंधरा किलो! थायरॉइड होता बरं का तिलेबी. काहून एवढी सुजून राहिली तू? सकाळ-संध्याकाळ एक शेक घ्यायचा, बस." डब्यात काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "सगळं नॅचरल." नॅचरल तर धोतराही आहे.

इथवर मी हसत होते. अशा मावश्यांसमोर हसायची आपल्याला सवय असते. मग त्यांनी विचारलं, "गोळी किती पॉवरची आहे?" आणि मी काही बोलायच्या आत निकाल दिला, "हळूहळू सोडून दे. एकदा लागली की जन्माची लागते ते. माह्या जावेच्या सुनेनं सोडली, काही झालं नाही तिले."

काही झालं नाही! अहो, कसं होईल लगेच? लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉइडचं औषध, रक्तातून निम्मं कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस मजेतच जातात. पावडरवर पोट अर्धं ठेवल्यामुळे काट्यावर दोन किलो उतरलेलेही दिसतात, त्यातलं बरंचसं पाणी असतं. बघा, गोळी सोडली आणि वजन उतरलं! मग हळूहळू झोप सरत नाही, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, सकाळी अंगठी बोटात जात नाही. नुसता डोस बदलला तरी टीएसएच पुन्हा तपासायला सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात, ते काय डॉक्टरला सुट्टी हवी असते म्हणून? तोवर डबे संपलेले असतात आणि मावशी दुसऱ्या साक्षगंधात दुसऱ्या कोणाच्या ताटात हात घालत असतात.

शिवाय ते पंधरा किलो. थायरॉइड मंदावल्याने जे वजन वाढतं ते बहुतेकींचं दोन ते साडेचार किलोच्या घरातलं, आणि तेही बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. गोळीचा डोस बसला की ते उतरतं. बाकीच्या वजनाला झोप आहे, जेवण आहे, बसून काढलेले दिवस आहेत, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आहे. पीसीओडीत आहे त्या वजनाच्या पाच-दहा टक्के जरी उतरले तरी पाळी सुधारायला मदत होते. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. पंधरा नाही. पण साडेतीन किलोचा फोटो कोण काढतो? त्यावर डबा कसा खपणार?

आणि खरं सांगू, माझं सोडा. मी चार लोकांना उलट बोलू शकते. तो डबा घेतला नवरीने. लग्न तोंडावर, अंगावर थायरॉइड, लेहंग्याच्या मापाची चिंता, आणि सल्ला देणारी होणाऱ्या सासरची. नाही म्हणायची सोय कुठे आहे तिला? मावशी, तुम्हाला माहीत आहे का, पोटातल्या बाळाच्या मेंदूला पहिले तीन महिने जवळजवळ सगळं थायरॉइड हार्मोन आईकडूनच मिळतं? दिवस राहिले की गोळी बहुतेक वेळा वाढवावी लागते, आणि तुम्ही ती सोडायला सांगता? वर वर्षभरात 'गुड न्यूज' विचारायला पुन्हा तुम्हीच येणार. लाज नाही वाटत? तुमची डिग्री काय, डब्यामागे सुटणारं कमिशन?

आणि ताट धरून भोवती उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या! निम्म्याजणी सकाळी तीच गोळी घेऊन आलेल्या. एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. कोणाच्या समारंभात कशाला वाईटपणा घ्या, म्हणून.

पोरी, तो डबा वापस कर. पैसे नाही मिळाले तरी कर. गोळी चालू ठेव, लग्नाआधी एकदा टीएसएच करून घे आणि पुढे मूल हवं आहे हे डॉक्टरला आत्ताच सांगून ठेव. लेहंग्याचं काय एवढं, दोन इंच सैल करून द्यायला बर्डीवर शिंपी बसलेले आहेत.