टॅबमधल्या सोन्यासाठी बॅटरीला सुई लावण्याआधी

‘जुना टॅब भंगारात देऊ नका, त्यात सोनं आहे! बॅटरी फुगली असेल तर सुईने टोचून हवा काढा, रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवा, ती निर्धोक होते. बोर्ड ॲसिडमध्ये टाका, सोनं तळाशी बसेल. टॅब द्यायचाच असेल तर डेटा चोरीला जाऊ नये म्हणून आधी हातोड्याने फोडा.’ पालकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला. ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेले टॅब आता कपाटात पडून आहेत, त्यामुळे तो करून बघणारेही निघतील. त्यात सोनं आहे, एवढं खरं. पुढचं एकेक बघू.

सुरुवात सुईपासून, कारण सगळ्यात घातक सूचना तीच. टॅबची बॅटरी म्हणजे पातळ फॉइलचं बंद पाकीट. आत तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम-कोबाल्टचं संयुग आणि दोन्हींच्या मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. सुई आरपार गेली की दोन्ही बाजू जोडल्या जातात, शॉर्ट होतो. त्या उष्णतेने आतली रसायनं तुटू लागतात आणि तुटताना आणखी उष्णता सोडतात. ही साखळी सुरू झाली की ती तोडायला बटण नाही. आणि आतली ‘हवा’ ही हवा नव्हेच. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला द्रव, विघटित होऊन साठलेले ते वायू असतात : कार्बन डायऑक्साइड, त्यासोबत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे पेट घेणारेही. इलेक्ट्रोलाइटमधल्या फ्लुरीनयुक्त क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लुराइड तयार होतो. तो कातडी आणि फुप्फुसं दोन्ही जाळतो. फुगलेला टॅब चार्जिंगला लावू नये, वर आलेली स्क्रीन दाबून परत बसवू नये. टोचणं तर दूरच.

मिठाच्या पाण्याचा सल्ला अर्धा खरा, म्हणून जास्त फसवा. खारं पाणी वीज वाहून नेतं, बॅटरी उतरू लागते. पण त्याच वेळी तिच्या टोकांचा धातू गंजून झिजतो. टोकं गेली की वीज बाहेर यायचा रस्ता बंद. सकाळी मीटर शून्य दाखवतो, आत मात्र चार्ज शिल्लक. अशी बॅटरी निर्धोक समजून कोणी कात्री चालवली की संपलं. यापेक्षा सोपा मार्ग आहे : टॅब चालू होत असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर त्यावर व्हिडिओ लावून चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि मग बंद करा. दुरुस्ती करणारे उघडण्याआधी हेच करतात.

आता सोनं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००६ साली एका मोबाइलमधल्या धातूंचा अंदाज दिला होता : तांबं सुमारे १६ ग्रॅम, चांदी ०.३५ ग्रॅम, सोनं ०.०३४ ग्रॅम. टॅबचा बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, त्याच कुळातला. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर एका तोळ्याला सुमारे ३०० फोन, तेही एक कणही वाया न घालवता. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने जवळपास ७९ हजार टन लहान उपकरणं गोळा केली, त्यात सुमारे ६२ लाख फोन. सोनं निघालं ३२ किलो. तुमच्या एका टॅबचा हिशोब तुम्हीच करा.

आणि ‘तळाशी बसेल’ म्हणणाऱ्याने प्रयोग केलेला दिसत नाही. सोनं विरघळवणाऱ्या नायट्रिक-हायड्रोक्लोरिक मिश्रणात ते द्रावणात जातं. परत मिळवायला आणखी रसायनं लागतात. नुसतं नायट्रिक वापरलं तर सोन्याचे पापुद्रे राहतात, पण तांबं विरघळताना तपकिरी धूर निघतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो ओढला तर लगेच नुसता खोकला येतो. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. उरलेलं ॲसिड कुठे ओतणार, हे फॉरवर्डमध्ये नाही. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत बोर्ड जाळून-धुऊन धातू काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला, त्याची राख आणि पाणी रामगंगा नदीच्या काठाला गेलं.

हातोड्याबद्दल थोडक्यात. स्क्रीनच्या मागे बहुतेक जागा बॅटरीनेच व्यापलेली असते, म्हणजे घाव बसणार तिथेच. तुमचे फोटो असतात बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये, आणि ती घावातून सहज बचावू शकते. अकाउंटमधून बाहेर पडा, फॅक्टरी रीसेट करा. आयपॅडवर आणि अलीकडच्या अँड्रॉइड टॅबवर डेटा मुळातच कूटबद्ध असतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. रीसेटमध्ये किल्ली पुसली जाते. जुन्या स्वस्त टॅबबद्दल शंका असेल तर देताना ‘स्टोरेज चिप नष्ट करा’ असं सांगा.

कसबी माणसाचं टॅब उघडणं बघण्यासारखं असतं. फुटक्या काचेवर आधी चिकटपट्टी, डोळ्यांवर चष्मा. कडा हलक्या गरम करून प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची, आत शिरताच सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायची नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद सैल करायचा. पाकीट न वाकवता बाहेर आलं की टोकांवर टेप. एवढं जमलं की अवघड काम झालं. मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा वितळवणाऱ्याकडे, बोर्ड धातू काढणाऱ्या कारखान्यात. बॅटरी वेगळी जाते, तिच्या भुकटीतून कोबाल्ट आणि लिथियम निघतं.

भंगारात देण्याबद्दलची एक भीती मात्र रास्त आहे : कोणत्याही भंगारवाल्याकडे गेलेला बोर्ड उघड्यावर जाळला जाऊ शकतो. त्यावर उपाय मोरीतलं ॲसिड नाही. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे. नोंदणीकृत रिसायकलर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर सापडतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा घेते. बॅटरी फुगलेली असेल तर टॅब तसाच, न उघडता, कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात गॅलरीत ठेवा आणि देताना आधी तेवढं सांगा. बाकीच्या सामानाबरोबर एकाच पिशवीत कोंबू नका.