एनसीबीची ‘थेट भरती’ आणि आमचे दाजी

काल रात्री दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला आणि पाचच मिनिटांत भाच्याचा फोन. “मामा, २१५० रुपये भरू का? उद्या शेवटची तारीख आहे.”

मेसेज असा: एनसीबीत, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यात, शिपायांची थेट भरती. बारावी पास, परीक्षा नाही, महाराष्ट्रातल्या मुलांना उंचीची अट नाही. फी भरली की आठ दिवसांत ओळखपत्र, आणि ते दाखवून वॉरंटशिवाय कुणाच्याही घरात शिरून झडती घ्यायचा अधिकार. वर पकडलेल्या मालावर २० टक्के बक्षीस.

शिपायाचं पद खरंच आहे. ते भरलं जातं कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी (जनरल ड्यूटी) कॉन्स्टेबल परीक्षेतून. पात्रता दहावी, फी १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही माफ. सप्टेंबर २०२४ च्या जाहिरातीत जागा होत्या ३९,४८१. त्यात एनसीबीच्या? बावीस! मूळ पगार १८,००० पासून, म्हणजे सीमा सुरक्षा दलाच्या शिपायापेक्षाही कमी. शिवाय मुलांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर धावायचं असतं. आमचा भाचा रोज पहाटे धावतो, त्याला अजून २६ लागतात. सब-इन्स्पेक्टर व्हायचं तर पदवी हवी आणि त्याच आयोगाची सीजीएल ही पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते.

उंचीचं अर्धं खरं आहे, मान्य. मराठा उमेदवारांना १७० ऐवजी १६५ सेंटीमीटर चालते, पण दाखला लागतो. सगळ्या महाराष्ट्राला सूट नाही.

माझं डोकं फिरलं ते झडतीच्या ओळीवर. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५, कलम ४२ उघडा. वॉरंटशिवाय शिरण्याचा अधिकार सरकारने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला आहे आणि तो ‘प्यून, शिपाई किंवा कॉन्स्टेबलपेक्षा वरच्या’ दर्जाचा हवा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या पदाचं आमिष दाखवताय, तेच पद कायद्याने नाव घेऊन वगळलंय! अधिकाऱ्यालासुद्धा मोकळं रान नाही. मिळालेली खबर आधी लिहून काढायची, तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची. कलम ५० प्रमाणे बाईची झडती बाईनेच घ्यायची. उगाच कुणाला छळायला घरात शिरला तर कलम ५८ खाली त्या अधिकाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग २१५० रुपयांचं ओळखपत्र गळ्यात अडकवून शेजाऱ्याच्या पोराची बॅग उघडायला गेलेल्याचं काय? तोतयेगिरी. भारतीय न्याय संहितेचं कलम २०४, किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. नोकरी राहिली बाजूला, पोलीस पडताळणीत आयुष्यभर हा गुन्हा मिरवायचा. कुणी खरंच गर्द विकताना दिसला तर १९३३ या हेल्पलाइनला फोन करा, त्याला ओळखपत्र लागत नाही.

बक्षीस योजना आहे, पण ते सरकारच्या मर्जीवर असतं, हक्काने मागता येत नाही. पगारात टक्केवारी तर नाहीच. आणि एनसीबीच्या ज्या ‘थेट’ जाहिराती फिरतात, त्यातल्या बऱ्याच प्रतिनियुक्तीच्या असतात, आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी. लोक पहिलं पान फॉरवर्ड करतात, पात्रतेचं पान गायब.

भाच्याने पैसे भरले नव्हते, पण आधारचा फोटो आणि सही पाठवून बसला होता. रात्री साडेअकराला बसून बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. दाजींचा मेसेज अजून ग्रुपवर आहे, खाली आत्याबाईंचे तीन अंगठे.